आरसा नको, भावजी

माझे मामा खिडक्यांना काचा बसवायचे. त्यांचं दुकान सरहद्दीवरच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुलाच्या मधोमध एक देश संपायचा आणि दुसरा सुरू व्हायचा. मी लहानपणी सुट्टीत तिथे जायचे, तेव्हा काचा फुटण्याची कारणं साधी असायची. वाऱ्याने आपटलेलं दार, मुलांचा चेंडू, नाहीतर नवराबायकोचं भांडण. एका जोडप्याकडे मामांच्या इतक्या फेऱ्या व्हायच्या की मामी म्हणायची, "आता जेवायलाही तिथेच जात जा." मामा म्हणायचे, "त्यांचं पटू नये एवढंच बघ. त्यांचं पटलं तर आपलं कसं व्हायचं?"

पलीकडच्या डोंगरात एक झुडूप उगवायचं. त्याची पावडर आजोबांच्या काळात औषधाच्या दुकानात दातदुखीवर मिळायची. मग दोन्ही देशांनी तिच्यावर बंदी घातली. पावडर कुठेच गेली नाही. औषधवाला त्यातून बाहेर पडला आणि बंदूकवाले आत आले. डोंगरात मातीमोल असलेली वस्तू पूल ओलांडला की सोन्याच्या भावाने जाऊ लागली. फसवणूक झाली तर बंदीच्या मालाची तक्रार घेऊन चौकीत कोण जाणार? म्हणून सगळे निकाल रस्त्यावर लागायचे, आणि काचा फुटायच्या.

मामांचं काम वाढलं, तसं त्यांचं बोलणं कमी झालं. चौकटीत काच पक्की करणारी, सुकलेली लांबी खरवडताना पटाशीला केस चिकटून यायचे. एकदा एक दात निघाला. मामांनी तो कागदात गुंडाळला, पण द्यायचा कुणाला ते कळेना. घरी आल्यावर ते अंगणातच कोपरापर्यंत हात धुवायचे, वास घ्यायचे आणि पुन्हा धुवायचे. मामी दुसरी बादली आणून ठेवायची. भांडकुदळ जोडप्याचा विनोद त्यांनी परत कधी केला नाही.

पूल ज्याच्या ताब्यात होता त्याला सगळे 'मुका' म्हणायचे. तो एके दिवशी पकडला गेला. गावात हुश्श झालं. चौकीचे साहेब स्वतः दुकानात आले. जप्त केलेली पाकिटं पत्रकारांना दाखवायची होती, त्यासाठी त्यांना काचेची मोठी पेटी हवी होती. मामांनी ती मन लावून केली. साहेबांचा पेटीशेजारचा फोटो सगळीकडे छापून आला. मामीने तो कौतुकाने आम्हालाही पाठवला.

पण मुका गेला तरी पूल जागेवरच होता. मुक्याचा भाचा आणि मुक्याचा मेहुणा, दोघांनाही तो हवा होता. पलीकडच्या देशातली टोळीही ही संधी साधून इकडे माणसं पाठवू लागली. पूर्वी महिन्यातून एखादी ऐकू यायची ती गोळी आता भाजी घेताना ऐकू येऊ लागली.

मामांचे एक जुने मित्र सलून चालवायचे. एका सकाळी ते भाच्याच्या एका माणसाची दाढी करत होते. मेहुण्याची माणसं आत शिरली आणि त्यांनी त्या गिऱ्हाइकाला गोळ्या घालून मारलं. मामांचे मित्र वस्तरा हातात धरून उभे होते, त्यांनाही मारलं. त्यांचं भांडण कुणाशीच नव्हतं.

दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी, म्हणजे मित्राच्या बायकोने, मामांना बोलावलं. भिंतभर आरसा मामांनीच बसवला होता, आता त्याचे तुकडे काढायचे होते. हातमोजे घालून मामा एकेक तुकडा उचलत होते. तुकड्यांवर साबणाचा फेस वाळला होता आणि फेसात लाल-काळे डाग होते. खुर्चीच्या हातावर माशा बसल्या होत्या.

तेवढ्यात साहेब आत आले. त्यांच्या बुटाखाली काचा करकरल्या.

"मामा, बरं झालं इथेच सापडलात. परवा आणखी मोठा माल पकडलाय. पेटी मागच्यापेक्षा मोठी लागेल."

"साहेब, पाय काढा तिथून," मामा म्हणाले.

साहेबांनी खाली बघितलं आणि पाय जरा बाजूला घेतला. "काय करणार, दोन दिवस गडबड व्हायचीच. तुमचा धंदा तरी बरा चाललाय की." आणि ते हसले.

मामा उठले, कोपऱ्यातल्या बेसिनवर वाकले आणि भडाभडा ओकले. तोंड धुऊन म्हणाले, "पेटी होणार नाही."

"तब्येत सांभाळा," असं म्हणून साहेब नाकाला रुमाल लावून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मुक्याच्या भाच्याचा माणूस दुकानात आला. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. तोही 'मामा' म्हणाला. त्याला मालकाच्या घरासाठी गोळीने न फुटणारी काच हवी होती.

"माझ्याकडे फुटणारीच काच मिळते," मामा म्हणाले.

"मागवा की."

"नाही मागवणार."

तो माणूस दुकानभर नजर फिरवून म्हणाला, "बघा बुवा. तुमची मर्जी."

त्याच आठवड्यात, मामा घरी जेवत असताना, भर दुपारी दुकान फोडलं गेलं. उभ्या ठेवलेल्या सगळ्या काचांचा चुरा झाला. चौकीतून कुणी फिरकलं नाही. शेजारी म्हणाले, एक काच लावून दिली असती तर काय बिघडलं असतं. मामांनी दाराला आडव्या फळ्या ठोकल्या आणि ते पुन्हा दुकानात गेले नाहीत.

वहिनींना मात्र सलून बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. त्यांनी स्वतः वस्तरा हातात घेतला. मामा म्हणाले, आरसा मी कुठून तरी आणून लावतो.

"आरसा नको, भावजी," वहिनी म्हणाल्या. "त्यात दार दिसतं. कोण आत येतंय तेच बघत बसेन, आणि हात हलेल."

बाईकडून दाढी करून घ्यायला लोक कचरत होते. पहिलं गिऱ्हाईक मामा झाले. हनुवटीला दोनदा कापलं, तरी ते हूं की चूं न करता बसून राहिले. हळूहळू इतर लोकही येऊ लागले.

पुढे भाच्याने मेहुण्याला संपवलं आणि पूल त्याचा झाला. साहेबांना बढती मिळाली. पावडर जायची तशी जातेच आहे.

मागच्या वेळी मी गेले तेव्हा मामांना विचारलं, "तुम्हाला या लोकांचा राग येत नाही?"

"राग कसला गं," मामा म्हणाले. "यांची शिसारी येते. दोघांचीही. पकडतात त्यांची आणि पळतात त्यांचीही."

मामीने चहाबरोबर टोस्ट ठेवले होते. मामांना दाताखाली काही करकरलेलं सहन होत नाही. त्यांनी टोस्ट चहात बुडवला, पार लगदा होईपर्यंत, आणि चमच्याने खाल्ला.