पुढे ढकललेली तारीख

माझ्या भावजयीचा, अस्मिताचा फोन आला तेव्हा मी हॅम्बर्गच्या बंदरातल्या फेरीबोटीत होते, कामावर निघाले होते. "ताई, मिलिंद गेला," एवढंच ती म्हणाली. मिलिंद माझा धाकटा भाऊ. सकाळी चहा गाळता गाळता स्वयंपाकघरात कोसळला. दूर दक्षिणेला, उंटरश्लाइसहाइमच्या त्यांच्या घरी अँब्युलन्स पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली होती, ती फुटली. मला धक्का बसला असं मी म्हणणार नाही. मला राग आला... आणि तो अजून गेलेला नाही. कारण ती फुगली आहे हे आम्हाला माहीत होतं. ऑपरेशनचा टेर्मिन, म्हणजे ठरलेली तारीख, मिळाला होता, आणि माझ्या शहाण्या भावाने तो पुढे ढकलला होता. एका ताऱ्यासाठी.

मिलिंद खगोलशास्त्रज्ञ होता. दोन तारे एकमेकांभोवती फिरताहेत, त्यातला एक केव्हाच मेलेला, पण स्वतःभोवती गरगरत दर फेरीला क्ष-किरणांचा एक ठोका पाठवणारा... अशा जोड्या त्याने आयुष्यभर पाहिल्या. हे किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून दुर्बीण उपग्रहावर बसवलेली. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. एकदा त्याने समजावलं, "समज, मी रोज तुला एक पोस्टकार्ड टाकतोय आणि रोज थोडा हॅम्बर्गकडे सरकतोय. कार्डं लवकर लवकर मिळतील. दूर जायला लागलो की उशिरा. ठोक्यांचंही तसंच. त्यावरून मेलेल्या ताऱ्याचं वजन कळतं."

"मेलेल्याचं वजन करून कुणाचं भलं होणार आहे?" मी विचारलं.

"कुणाचंच नाही गं. पण कळतं, हे काय कमी आहे?"

या वसंतात त्याची लाडकी जोडी एकमेकांच्या अगदी जवळ येणार होती. बरेच अर्ज फेटाळले गेल्यावर दुर्बिणीचा वेळ मिळाला होता, आणि नेमका त्याच आठवड्यात ऑपरेशनचा दिवस आला. तारीख बदलली हे कळल्यावर मी फोनवर त्याची खरडपट्टी काढली. तो शांतपणे म्हणाला, "मी नसलो तर चालणारच नाही, ताई. तेवढं होऊ दे, मग लगेच." अस्मिता भांडली, रडली, मग गप्प झाली. निरीक्षण उत्तम झालं. त्याने आम्हाला आलेखाचा फोटोही पाठवला. नवी तारीख यायच्या आत तो गेला.

इथे अग्नी लगेच मिळत नाही. कागदपत्रं, मग क्रेमाटोरियममध्ये नंबर लागायचा. दहाव्याला तो अजून शीतगृहातच होता. अखेर दहन उरकलं त्या दिवशी त्याची सहकारी आनेट अस्मिताकडे आली; मी तिथेच राहिले होते. मी जरा तिखटपणेच विचारलं, "एका दिवसासाठी त्याच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलं नसतं का?"

ती गोंधळली. "उभं कुठे राहायचं? म्हणजे, दुर्बिणीला आज्ञा आधीच पाठवलेल्या असतात. उपग्रह आपला आपण वळतो, बघतो. त्या दिवशी कुणालाच काही काम नसतं. आम्ही तर त्याला म्हणालो होतो, तू जा ऑपरेशनला, डेटा कुठे पळून जात नाही."

अस्मिताने हातातली बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिने मला बेडरूममधलं कपाट उघडून दाखवलं. खाली त्याची निळी बॅग होती. पहिल्या तारखेसाठी त्याने स्वतः भरलेली. दोन पायजमे, दाढीचं सामान, घरातल्या सपाता, हॉस्पिटलच्या अळणी जेवणावर उतारा म्हणून मेतकुटाची डबी. बॅग भरली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तारीख बदलायला फोन केला, असं अस्मिता म्हणाली. ती बॅग अजून तिथेच आहे. ती रिकामी करू या असं आम्हा दोघींपैकी कुणी म्हणत नाही.

तो घाबरला होता, दुसरं काही नाही. आणि आम्ही सगळे त्याच्याशी ताऱ्यावरून भांडत बसलो. "ताई, मला भीती वाटते," एवढं म्हणाला असता तर मी मिळेल त्या गाडीने आले असते आणि हाताला धरून नेलं असतं त्याला.