पाटीवरचं कॉलेज

नागपूरच्या नामांकित कॉलेजातून मी बी.ए. झालो, तेव्हा बाबांनी पांढुर्ण्यातल्या आमच्या घराच्या दारावर पाटी लावली. वर माझं नाव, आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरांत कॉलेजचं. बाबा शाळामास्तर होते. शेजारचा पोरगा जबलपूरच्या कुठल्याशा साध्या कॉलेजात शिकला, म्हणून त्यांना त्याची कीव यायची. खोटं कशाला बोलू, मलाही यायची.

त्याच वर्षी राज्यांची फेररचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. नोकरीसाठी मी भोपाळला गेलो. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ये कॉलेज तो अब बंबई राज्य में है ना?" मग नागपूरच्या एका कचेरीत गेलो. तिथले बडेबाबू कॉलेजचं नाव वाचून खूश झाले, पण गावाचं नाव वाचल्यावर म्हणाले, "पांढुर्णा? ते तर आता परराज्यात गेलं." चार वर्षं ज्या स्टेशनावरून मी ये-जा केली, ते म्हणे परराज्यात! पण राग काढणार कोणावर?

शेजारचा पोरगा तोवर भोपाळला सरकारी नोकरीत चिकटलाही होता.

मी घरी परतलो, तेव्हा बाबा स्टुलावर चढून ओल्या फडक्यानं पाटी पुसून राहिले होते. दोन्हीकडे काय झालं ते मी सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"तू त्यायले कॉलेजचं नाव नीट सांगतलं होतं ना?" त्यांनी विचारलं.