ठळक अक्षरांतली गोळी

ऑपरेशनला पाच दिवस उरले होते. रोह्याच्या घरात मी एकटी, तळहातावर रक्त पातळ करणारी सकाळची गोळी. हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलेली, एक दिवसही चुकवायची नाही.

डोळे गेल्यापासून लिहिलेलं वाचून दाखवायला माझ्या फोनात एक बाई राहते. पेणच्या दवाखान्याचं पान ती वाचत होती. ‘खालील यादीतील ठळक अक्षरांतली औषधे आजपासून बंद. बाकीची चुकवू नका.’

मग अकरा नावं. सगळी एका सुरात. माझ्या गोळीचंही त्यात होतं.

पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा एकेका नावावर बोट थांबवून. कुठेच जोर नाही. ठळक काय नि साधं काय, तिला सगळं सारखंच. गोळी घेतली तर ऑपरेशनच्या टेबलावर रक्त थांबायचं नाही. उगाच सोडली तर रक्ताची गाठ व्हायची. दवाखान्यात कोणी फोन उचलेना. गोळी घामानं चिकटू लागली.

आणि आठवली पंचविशीतली ती शहाणी, पेणच्या शाळेत शिकवणारी मी. रामवाडीहून येणाऱ्या एका पोरीनं मागच्या बाकावरून विचारलं होतं, “बाई, गुलाबी खडूतले शब्द कुठले?” मी म्हटलं, “डोळे घरी ठेवून आलीस काय गो?” वर बाकावर उभी केली. वर्ग हसला. माझ्याच विनोदावर मी किती खूश! पोरीला फळाच धड दिसत नव्हता, हे कळायला मला वर्ष लागलं.

शेजारच्या भाभीपुढे मीच मिरवलं होतं, आता मला कोणाची गरज नाय. झक मारत तिलाच हाक मारली.

“काय बाई, फोनवाली रुसली काय?”

“टोमणे मागाहून मार. यातली जाड अक्षरं कुठली, ते बघ.”

ती एकेक नाव वाचू लागली. साधं, साधं, जाड, साधं. माझ्या गोळीचं नाव आठवं.

“हे जाड हाय. बाई, ठेवा ती खाली आधी!”

तेवढ्यात दवाखान्याचा फोन लागला. “हो आजी, तीच बंद,” तिकडली मुलगी म्हणाली. “ठळक केलंय की. दिसलं नाय?”

“नाय. मला दिसतच नाय, बाळ.”

“अगं बाई! मग कसं करू, आजी?”

“नावापुढे ‘बंद’ असा शब्द लिही. शब्द माझी फोनवाली वाचते.”

“लिहिते, आजी. आत्ताच.”

भाभी अजून दारातच होती. “तिला ओरडला नाय तुम्ही?”

“कशी ओरडू गो? तिनं निदान मला बाकावर तरी उभं नाय केलं.”