सहा आठवड्यांचा आराम

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. पळणं बंद झालं की जास्तच. मे महिन्याच्या सुरुवातीला मंचरच्या हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या पावलाचा एक्स-रे उजेडात धरला, बोटांच्या मागचं एक लांबट हाड दाखवलं आणि म्हणाले, "इथं बारीक चीर दिसतेय. सहा आठवडे पळायचं नाही. मग पुन्हा फोटो काढू. हाड धरलं असेल तर पुढचं बोलू."

"आणि धरलं नसेल तर?"

"तर या वर्षी मॅरेथॉन विसरा."

चूक माझीच होती. हिवाळ्यात आयुष्यातली पहिली पूर्ण मॅरेथॉन पळायची, असं मी ठरवलं होतं. त्याची तयारी जूनमधल्या एका सोमवारी सुरू व्हायची होती. पण मी गणिताची शिक्षिका, न शिकवलेल्या धड्याचीही आधी टिपणं काढणारी. शाळेला सुट्टी लागल्याबरोबर मी तयारीची तयारी सुरू केली आणि एका सकाळी लेण्याद्रीच्या सगळ्या पायऱ्या तीनदा चढले-उतरले. दर्शनाला आलेल्या एका बाईंनी मला थांबवून हळूच विचारलं, "ताई, नवस बोलला व्हता का?" चौथ्या दिवशी पाऊल जमिनीला टेकवेना.

आमचं घर जुन्नरच्या अलीकडे, टोमॅटोच्या शेतातच आहे. पाच वर्षांपूर्वी मी कालव्याच्या कडेनं पळायला लागले तेव्हा जीपवाले गाडी हळू करून विचारायचे, "काय मॅडम, बिबट्या लागलाय का मागं?" आमच्याकडच्या उसात बिबट्या खरोखर असतो, त्यामुळे हा प्रश्न निव्वळ थट्टेचा नसे. मी चांगलं उजाडल्याशिवाय निघत नाही. लोकांना हळूहळू माझी सवय झाली. नवऱ्यालाही झाली. पण सासूबाईंना काय वाटतं, याचा मला कधीच पत्ता लागला नाही. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या माझ्या पळण्याबद्दल चांगलं बोलल्या नाहीत, वाईटही बोलल्या नाहीत. मग त्यांच्या वतीनं उत्तर मीच लिहून टाकलं: त्यांना आवडत नाही.

त्यामुळे त्या सहा आठवड्यांत मला नुसती हाडाची भीती नव्हती. एकदा बसलेली सून पुन्हा उठून पळायला लागली तर ते घरात कुणाला हवं असेल, असं मला वाटत नव्हतं. "बरं झालं, सुटलं एकदाचं," हे वाक्य आज नाहीतर उद्या कानावर येणार, म्हणून मी पाय उशीवर ठेवून वाट बघत होते.

त्याऐवजी रोज सकाळी वेगळंच वाक्य यायचं. आत्या टोमॅटो तोडायला निघताना माझ्या खोलीच्या दारात थांबायच्या. डोक्याला रुमाल, हातात पाण्याची बाटली. मी पलंगावर आडवी. त्या विचारायच्या, "आराम हाय का?"

एवढं झोंबायचं ना ते! पासष्ट वर्षांची बाई उन्हातान्हात शेतावर चाललीय आणि धडधाकट सून लोळतेय. आता हे बोलून दाखवायलाच हवं का? मी आवाजात साखर घालून म्हणायचे, "आहे ना आत्या. भरपूर आराम आहे." त्या "बरं" म्हणून निघून जायच्या.

मग मी दिवसभर उट्टं काढायची. बसल्या बसल्या मी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. चटणीच्या डब्यात हळद ठेवायची त्यांची जुनी पद्धत मोडीत काढली. भाकरीच्या पिठाला पाणी किती लागतं, हे चाळीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईला मी मापून दाखवलं. नवरा तर माल घेऊन नारायणगावच्या बाजारात जरा जास्तच लवकर जायला लागला. मी अशी वागत होते, हे मला कळत होतं, पण थांबता येत नव्हतं.

तीन आठवडे झाले आणि दवाखान्यातून फोन आला. डॉक्टरांचा कंपाउंडर बोलत होता.

"मॅडम, आराम हाय का?"

जिभेला वळण पडलेलं होतं. "भरपूर आराम आहे," मी म्हणाले.

त्यानं तिकडं डॉक्टरांना विचारलं आणि सांगितलं, "येवढा आराम असंल तर दोन किलोमीटर हळूहळू पळून बघा म्हणत्यात."

मी फोन कपाळाला लावला. तीन आठवडे आधीच सुटका! दुसऱ्या दिवशी उजाडताच कालव्यावर गेले. पहिला किलोमीटर छान गेला. दुसरा संपता संपता त्याच जागी कळ आली आणि मी कठड्यावर बसकण मारली. गेलं वर्ष, असं मनात आलं आणि मी चक्क रडले. मग डोळे पुसून लंगडत घरी आले.

आत्या अंगणात क्रेट भरत होत्या. "काय झालं गं?"

"पाय दुखतोय."

"दुखतोय? रोज तर सांगतीस, आराम हाय म्हणून."

"म्हणजे मी झोपूनच होते ना, आत्या."

त्यांनी हातातला टोमॅटो खाली ठेवला. "अगं, झोपलीस का म्हणून कोण इचारतंय? झोपल्याली मला दिसती की! पायाला आराम पडला का, ते इचारत व्हते मी."

तापाला आराम पडतो, खोकल्याला आराम पडतो. पंधरा वर्षं मी इथं हे ऐकतेय, स्वतःही म्हणते. पण मन खात असलं की कानही आपल्या सोयीचं ऐकतात. तीन आठवडे ही बाई शेतावर जाताना थांबून माझ्या पावलाची चौकशी करत होती आणि मी त्या चौकशीलाच टोमणा समजून टोमणा परत करत होते. वर तोच टोमणा कंपाउंडरलाही ऐकवला होता. मी आत्यांना सगळं खरं सांगितलं. आत्या पदर तोंडाला लावून हसल्या.

"टोमणा मारायचा असता तर नीट मारला असता की," त्या म्हणाल्या. "आन् मी म्हणत व्हते, पायाला आराम हाय म्हणती, मंग ही पळायला का जात न्हाई? माझ्या डब्यांच्या मागं का लागलीय?"

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मला चांगलंच झापलं आणि उरलेले तीन आठवडे पाऊलही न उचलण्याची ताकीद दिली. ते दिवस मी जीव मुठीत धरून काढले. ते दोन किलोमीटर मला अख्ख्या वर्षाला पडणार की काय, हा एकच विचार डोक्यात होता. आत्या दारात येऊन विचारायच्या आणि आता मी खरं उत्तर द्यायची. "दाबलं की दुखतंय अजून." मग, "आज कमी आहे." आणि एके दिवशी, "दाबलं तरी काही नाही, आत्या."

दुसऱ्या फोटोच्या दिवशी मी निघाले तर आत्या पदर सारखा करून नवऱ्याच्या पिकअपमध्ये बसलेल्याच होत्या. "मी बी येते. मला डाक्टरांशी बोलायचंय." मंचरपर्यंत कांद्याच्या ट्रकांमागे गाडी रखडत होती आणि आत्या डॉक्टरांना काय सांगतील, याची मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. सगळी वाक्यं एकाच जागी येऊन थांबत होती: आता हिला पुरे म्हणा.

डॉक्टरांनी नवा फोटो जुन्याशेजारी धरला. बराच वेळ बघितला. "हाड धरलंय," ते म्हणाले. "उगाच पळालात, पण नुकसान काही झालेलं नाही. सोमवारपासून सुरू करा. हळू."

सहा आठवडे छातीत कोंडलेला श्वास सुटला. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात आत्या पुढं सरकल्या. "डाक्टर, बेचाळीस किलोमीटर पळंल का ही?"

हा आकडा मी त्यांना कधीच सांगितला नव्हता.

"नीट तयारी केली तर पळतील की."

"मंग तसं लिहून द्या."

"शाळेत दाखवायला का?"

"शाळेत कशाला? मला पायजे."

डॉक्टर हसले, पण त्यांनी लिहिलं: पळण्यास हरकत नाही. खाली सही केली, शिक्काही मारला. बाहेर आल्यावर माझ्या फाइलमध्ये ठेवायला म्हणून मी कागदासाठी हात पुढं केला. आत्यांनी त्याची चौपदरी घडी घातली आणि आपल्या बटव्यात टाकली.

"तुला काय करायचाय? तुला लोकं नुसती हसत्यात," त्या म्हणाल्या. "सुनंला पळायला का सोडता, म्हणून जाब मला इचारत्यात. आता कागदच दावते."

मी रस्त्याकडे तोंड केलं, कारण मला रडू आवरेना. पाच वर्षं पळत मी होते आणि लोकांना उत्तरं आत्या देत होत्या.