काकींच्या तव्यावरचं इंजिन

आंबिवली स्टेशनबाहेर उसाच्या रसाची गाडी लावणाऱ्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. गेल्या उन्हाळ्यात, ऐन धंद्याच्या दिवसांत, त्यांच्या इंजिनाखालची प्लेट तडकली आणि चरक थांबला. नवी प्लेट यायला आठवडा लागणार होता.

काकांनी घरून पोळ्यांचा जाड, सपाट तवा आणला. इंजिनाचे तेलकट पाय एका जुन्या लग्नपत्रिकेवर टेकवले. चार काळे गोल उमटले, त्या मापाने तव्याला भोकं पाडली. खाली जुन्या चपलेचं रबर घालून इंजिन तव्यावर नट-बोल्टनी बसवलं.

मला सल्ले द्यायची खोड. "काका, नट अजून आवळा की."

"नको रे. पहिली प्लेट मीच आवळून आवळून मोडली. हलणाऱ्याला थोडं हलू द्यायचं."

ग्लास विसळणाऱ्या काकी एवढंच म्हणाल्या, "तवा माझा होता."

नवी प्लेट केव्हाच आली, ती गाडीखाली पिशवीत पडून आहे. रोज सकाळी काका इंजिन सुरू करून तव्यावर तळहात ठेवतात, थरथर बघतात. आणि मागून काकी न चुकता विचारतात, "तापला का? मळू पीठ?"