टपालनाना आणि राजांच्या नावांची गावं

टपालनानांपुढं नुसतं 'पिंपळगाव' म्हणायची सोय नव्हती. "कोणतं पिंपळगाव?" असं ते लगेच विचारत, आणि समोरच्यानं 'रेणुकाई' जोडल्याशिवाय त्यांची मान हलत नसे. जत्रेतला पाहुणा असो की सोयरीक घेऊन आलेली माणसं, नानांचा प्रश्न ठरलेला. एकदा माझी मावशी वैतागून म्हणाली, "अहो, हेच की. तुम्ही उभे आहात ते." नाना शांतपणे म्हणाले, "मी उभा हाय म्हणून पत्ता पुरा होत न्हाई, ताई."

नाना आमच्या भागाचे पोस्टमन. खाकी शर्टाच्या खिशात एक निळं आणि एक लाल पेन, खांद्याला पिशवी, कपाळावर टोपीनं पाडलेली पांढरी रेघ. आमची वस्ती पिंपळगाव रेणुकाईपासून तीन-चार किलोमीटर आत, ओढ्याच्या काठी. आजोबांच्या पिढीत मेंढरं घेऊन फिरणारी काही कुटुंबं तिथं टेकली, कारण ओढ्यातल्या झिऱ्याला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं. आता पंधरा-वीस घरं झाली होती, तरी टपाल असं फारसं काही यायचं नाही. नाना मात्र दर दोन दिवसांनी यायचे. दारोदार थांबून सांगायचे, "आज काय न्हाई." आई एकदा म्हणाली, "नाना, काही नसताना कशाला उन्हाचं येता?" त्यावर नाना म्हणाले, "न्हाई आलं, हे बी कुणीतरी सांगायला पाहिजे ना. माणूस वाट बघून राह्यला असतो."

नोकरी करता करता नानांनी बाहेरून बी.ए. केलं होतं, तेही इतिहास घेऊन. दुसऱ्या वर्षाला प्राचीन जगाच्या पेपरात ते नापास झाले. सेल्युकस नावाच्या राजानं आपल्या नावाची एकापेक्षा जास्त शहरं वसवली होती. त्यातलं नदीकाठचं सेल्युकिया नानांनी उत्तरपत्रिकेत समुद्रकाठी नेऊन ठेवलं. दुसरा कोणी असता तर विसरून गेला असता. नानांना ते लागलं. "पोस्टमन असून गाव चुकलो," असं ते सांगायचे, आणि सांगताना दर वेळी त्यांचा चेहरा उतरायचा. मग त्यांनी तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचलं, आणि ग्रीक राजांनी वसवलेली शहरं त्यांना आमच्या भागातल्या वाड्यांसारखी पाठ झाली.

आमच्या ओट्यावर पाणी पिता पिता ते ही शहरं सांगत. सिकंदरानं जिथं तिथं अलेक्झांड्रिया वसवलं. सेल्युकसानं आपलं नाव लावलंच, शिवाय बापाच्या नावानं अँटिओक, आईच्या नावानं लाओडिसिया आणि बायकोच्या नावानं अपामिया केलं. इथं आई हातातलं काम थांबवून म्हणाली होती, "बायकोचं नाव लावलं? चांगला होता मंग." नाना म्हणाले, "चांगला असंल. पण टपालवाल्याचं काय हाल झाले असतील, ते सांगा."

तेव्हा आम्ही हसायचो. आमची गोष्टही त्याच वाटेनं चालली आहे, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. दादासाहेब म्हणून आमच्याकडचे एक जुने पुढारी. त्यांनी वस्तीवर हातपंप आणला, विजेचे खांब आणले, घरांसाठी जागा मिळवून दिली. त्यांच्या माणसांनी वस्तीच्या तोंडाशी लोखंडी कमान उभी करून तिच्यावर 'दादासाहेबनगर' असं लिहिलं. कुणाला वाईट वाटलं नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यावरही तेच नाव आलं.

बारावीनंतर मी जालन्यातल्या एका नर्सिंग शाळेत अर्ज केला होता. मुलाखतीचं पत्र घरी येणार होतं. वस्तीवर मोबाइलला रेंज नाही, घरात फोनही एकच, तोही आप्पांबरोबर मेंढरांमागं रानात. त्यामुळं सगळी भिस्त पत्रावर. तीन आठवडे नाना येऊन "आज काय न्हाई" म्हणत होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, मोजकं बोलणारा माणूस. एका संध्याकाळी ते म्हणाले, "पत्र न्हाई म्हंजी घेतलं न्हाई. पुढल्या आठवड्यात मेंढरं घेऊन खाली उतरायचंय. तू बी चल." मी चुलीपुढं बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी भोकरदनच्या माझ्या मैत्रिणीचा निरोप आला की तिला त्याच शाळेचं पत्र मिळून आठ दिवस झाले. नाना आले तसं मी त्यांना ते सांगितलं.

"अर्जावर पत्ता काय लिव्हल्ता?" त्यांनी विचारलं.

"दादासाहेबनगर, जिल्हा जालना."

नाना ओट्यावर बसले. पाण्याचा तांब्या त्यांनी बाजूला ठेवला. "कोणतं दादासाहेबनगर?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दादासाहेबांनी आष्टीकडं एक वसाहत बसवली होती, वडीगोद्रीकडं एक. दोन्हींना हेच नाव होतं. तालुका मी लिहिलाच नव्हता, आणि पिनकोडचे आकडे घाईत चुकवले होते.

नाना त्या दिवशी पुढच्या वस्त्यांवर टपाल देऊन आले आणि संध्याकाळी फोन लावायला टेकडीवर चढले, कारण रेंज तिथंच. आप्पा आणि मी त्यांच्या शेजारी उभे होतो. आष्टीच्या पोस्टात काही नव्हतं. वडीगोद्रीच्या पोस्टमननं सांगितलं, पाकीट आहे, या नावाची मुलगी इथं कुणी नाही, म्हणून उद्या परत पाठवायचं चाललंय. मी म्हणाले, "नाना, त्यांना फोडून तारीख वाचायला सांगा ना."

"दुसऱ्याचं पत्र फोडता येत न्हाई, पोरी. तू सोता जाऊन घे. आधारकार्ड घे बराबर." मग आप्पांकडं वळून म्हणाले, "मी रजा टाकतो. सकाळच्या पहिल्या गाडीनं जाऊ."

आप्पांनी मेंढरं भावाकडं सोपवली. भोकरदन, जालना, अंबड असं करत आम्ही निघालो. गाडीत नानांनी एका राजाची गोष्ट सांगितली. लायसिमॅकस त्याचं नाव. इफेसस म्हणून एक जुनं शहर होतं. राजानं जवळच नवं शहर बांधलं, पण लोक जुनी घरं सोडून जाईनात. मग मोठा पाऊस आला तेव्हा त्यानं जुन्या गावची गटारं बुजवून टाकली. घराघरांत पाणी शिरलं, लोकांना जावंच लागलं. नव्या शहराला त्यानं राणीचं नाव दिलं, आर्सिनोई.

आप्पा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, त्यांचं लक्ष नाही. मग त्यांनी विचारलं, "मंग लोक जुन्या जागी परत गेले का?"

"जागा न्हाई बदलली. राजा गेल्यावर नाव तेवढं परत आणलं. इफेसस."

"बरं केलं," आप्पा म्हणाले.

वडीगोद्रीच्या पोस्टात मी सही केली आणि पाकीट हातात घेतलं. आप्पांनी ते कडेनं फाडून दिलं. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला होती. आम्ही गावाकडं गेलोच नाही. रात्री जालन्यात नानांच्या बहिणीकडं राहिलो. तिनं मला आपली इस्त्रीची ओढणी दिली. मुलाखतीत बाईंनी विचारलं, नर्स का व्हायचंय? मी पाठ केलेलं विसरले आणि आमच्या वस्तीवरून दवाखाना किती लांब आहे ते सांगत बसले. माझी निवड झाली.

पुढं सहाएक महिन्यांनी ग्रामसभेत वस्तीचं नाव कायमचं कागदावर लावायचा विषय आला. मी सुट्टीवर होते, म्हणून आईबरोबर गेले. दादासाहेब पुढं खुर्चीत बसलेले, वयानं थकलेले, पांढरे कपडे कडक. त्यांच्या माणसानं ठराव वाचला: दादासाहेबनगर. नाना दाराशी उभे होते. त्यांना मी आधी म्हणाले होते, तुम्ही बोला. ते म्हणाले होते, "मी सरकारी माणूस. गावाचं नाव गावानं ठरवायचं."

मग आप्पा उठले. सभेत बोलायला उठलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"दादासाहेबांनी हातपंप दिला, लाईट दिली. आमी इसरलो न्हाई," ते म्हणाले. "पण माझ्या पोरीचं पत्र वडीगोद्रीला गेल्तं. अजून एक दिवस गेला असता तर ती आज मेंढरामागं असती. तिकडं ग्रीक देशात एक राजा होता. नाव अवघड हाय त्याचं."

लोक हसले. दाराशी नानांचे ओठ हलले, आवाज मात्र आला नाही. आप्पांनी सगळी गोष्ट सांगितली, पाऊस, गटारं, राणीचं नाव. ती राणी त्यांनी चुकून राजाची आई करून टाकली. हसणं हळूहळू थांबलं. दादासाहेबांची माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

दादासाहेबांनीच विचारलं, "मंग त्या गावाचं काय झालं?"

आप्पा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "राजा गेल्यावर लोकांनी जुनं नाव लावलं, दादासाहेब."

आईनं माझा दंड धरला होता. दादासाहेब हनुवटीवर हात ठेवून बसले, मग म्हणाले, "मी गेल्यावर काढायचं असंल, तर मी असताना काढा. मला बी बघायला मिळंल." आणि त्यांच्या माणसाकडं वळून, "काय म्हणत होते रे पहिलं हिला?"

"झिऱ्यावरची वस्ती," मागून एका म्हातारीनं सांगितलं.

ठराव झाला तो झिरेवाडी या नावानं. नानांनी वहीत लाल पेनानं नाव लिहून घेतलं, त्याखाली तालुका, जिल्हा आणि पिन. जाताना दादासाहेब दाराशी थांबले आणि नानांना म्हणाले, "गोष्ट तुमची दिसते." नाना म्हणाले, "चुकीची सांगितली त्यानं थोडी. पण पोचली."

दोन वर्षांनी नाना निवृत्त झाले आणि मुलाकडं नाशिकला जायला निघाले. त्यांच्या जागी आलेल्या पोस्टमनबाईंना त्यांनी एक अख्खा दिवस वस्तीवर फिरवलं. कुणाला ऐकू कमी येतं, कुणाला पत्र वाचून दाखवावं लागतं, कोणत्या घरची माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन जातात, सगळं सांगितलं. वेशीवरच्या बोरीला नेहमीसारखी त्यांची सायकल टेकलेली होती. आप्पा त्यांना पोचवायला तिथवर गेले आणि म्हणाले, "नाना, आमच्या समाजमंदिराला तुमचं नाव लावू का?"

नानांनी कानाला हात लावला. "बिलकुल न्हाई. मी काय राजा हाय?" मग सायकल काढता काढता म्हणाले, "सिकंदराचा घोडा मेला तर त्यानं घोड्याच्या नावानं शहर वसवलं. हिकडंच, झेलम नदीपाशी. एवढंच वाटत असंल तर माझ्या सायकलीचं लावा." सगळे हसले. नाना सायकलवर बसले आणि ओढ्याच्या उतारानं निघून गेले.

मी आता ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. मागच्या दिवाळीत घरी आले तेव्हा आई शेजारच्या मुलीला सांगत होती, "तू हो पुढं, नानाच्या सायकलीपाशी थांब, मी आलेच." मुलगी निघालीही. ती मुलगी इथं राहायला आली तेव्हा नाना केव्हाच नाशिकला गेले होते. तेवढ्यात बोरीखाली स्कूटी थांबली आणि पोस्टमनबाईंची हाक आली, "नानांच्या सायकलीपाशी आलेय, टपाल घ्या."