फर्लोवर जाणाऱ्याला हार घालत नाहीत

रात्रीचा एक वाजायला आला तरी धुरपतामावशी डोक्यातून जात नाही. एरवी माझी रात्रीची काळजी तनुजासाठी राखीव असते. माझी लेक लातूरला अकरावीत आहे. क्लासच्या चाचण्या आणि मेसचं पाणचट वरण यांत निम्मी झाली आहे. आज तिचा फोन येऊन गेला तरी मला मावशीच दिसते आहे. उद्या संध्याकाळी ती लातूरच्या कामाला नाही म्हणेल, आणि परवापासून तिला घर उरणार नाही.

मावशी आमच्या नांदेडच्या मिशन कंपाउंडात डॉक्टर लिंडसाहेबांच्या बंगल्यावरच राहते आणि स्वयंपाक करते. मूळची औसा तालुक्यातली. भूकंपाच्या आदल्या दिवशी पहाटेच ती भावाकडे रेणापूरला गेली होती. परत आली तोवर नवऱ्याला आणि बारा वर्षांच्या लेकीला, मल्लम्माला, दगडांखालून काढून झालं होतं. शेजारच्या तंबूत लिंडसाहेब जखमींना टाके घालत होते. कुणी न सांगता मावशीने तिथे तीन दगड मांडले आणि चहा करायला लागली. महिन्याभराने साहेब नांदेडला परतले तेव्हा मेमसाहेबांनी तिला सोबत आणलं. पुढे तीन वर्षांनी मेमसाहेबांना मुलगी झाली, अन्ना; ती मावशीच्याच मांडीवर मोठी झाली. मल्लम्माबद्दल मात्र मावशी दहा वर्षांत एकदाच बोलली. "झोपली होती, उठवलं न्हाई म्या. जाते म्हणून सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

मिशनची माणसं पाच-सहा वर्षांनी एकदा वर्षभर मायदेशी जातात. कंपाउंडात माळ्यापासून पास्टरपर्यंत सगळे त्याला फर्लो म्हणतात. फर्लोवर जाणाऱ्याला आमच्याकडे हार घालत नाहीत. हार, शाल, भाषणं, ग्रुप फोटो हे कायमचं जाणाऱ्यासाठी. मागच्या फर्लोला हार नव्हता, आणि अन्ना दुडूदुडू धावत परत आली होती.

या वेळी ते येणार नाहीत. मिशनने इथलं काम बंद करायचं आणि बंगलाही रिकामा करायचं ठरवलं आहे. मी मिशनच्या शाळेची मुख्याध्यापिका, म्हणून साहेबांनी मला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं. "धुरपताला मी स्वतः सांगेन," असंही म्हणाले. मग रोज एकेक दिवस गेला. आता सोमवारी सकाळची गाडी आहे. उद्याच्या रविवारी उपासनेत हार नको, असं त्यांनीच पास्टरना कळवलं आहे. तिच्यासमोर हार घालून घेववणार नाही, म्हणाले.

लातूरचं काम मीच बघितलं. तनुजा राहते त्या हॉस्टेलचे मालक किशनराव यांना स्वयंपाकाला बाई हवी आहे, राहायला स्वतंत्र खोली. उद्या संध्याकाळपर्यंत होकार आला नाही तर ते दुसरी बाई ठेवणार. हे मी फक्त मावशीसाठी केलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. माझ्या पोरीच्या ताटात तिच्या हातची भाकरी पडावी, हेही मनात होतं. कदाचित म्हणूनच मला तिच्याशी खरं बोलता येत नाही.

आज दुपारी बंगल्यावर गेले. मागे ठेवायच्या ट्रंका उघड्या होत्या. मावशी रजयांच्या घड्यांत कडुनिंबाचा पाला घालत होती. मांडीवर नवा फ्रॉक, अन्नाला गुडघ्याखाली येईल एवढा.

"मावशी, हा केवढा मोठा?"

"येईल तवा अंगात बसंल. नववं लागलेलं आसंल तिला. मोहियोद्दीन मास्तर हसून राहिले मला. म्हन्ले, अम्मा, साहब के मुलुक में दर्जी मर गए क्या? म्हन्लं, हाव, मेले. तू जित्ता हाईस तवर शिव."

मेमसाहेब दाराशी उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि नळ सोडल्याचा आवाज आला.

"लातूरचं काय ठरवलंस?" मी विचारलं.

"न्हाईच म्हनते उद्या. मी तिकडं गेले तर हितं बंगला कोन उघडंल? पोरगी दारात उभी ऱ्हाईल."

"आणि ते आले नाहीत तर?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. "बाई, तुमी लई भित्र्या. तनूला तिकडं ताप आला की हिकडं तुमी गोळी खाता. म्या पास्टरला विचारून आले, उद्या हार न्हाई. आता काय भ्या?"

माझ्या ओठांवर आलं होतं. तिने फ्रॉकवर पाला पसरला, ट्रंक लावली आणि किल्ली कमरेला खोचली. मी घरी आले.

समोर बंगल्यात अजून दिवा आहे. मी सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलाच तरी हे तिने शेजारणीकडून ऐकायचं नाही. न सांगता जाणं म्हणजे काय, ते या कंपाउंडात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. दहा वर्षं ती तेच उरात घेऊन पोळ्या लाटते आहे. तिच्या बाबतीत तरी हे परत व्हायला नको. मग ती लातूरला जावो, रेणापूरला जावो, नाहीतर माझ्याकडे येऊन राहो.

साहेबांना एवढंच सांगणार आहे. सकाळी स्वयंपाकघरात तिच्यासमोर खाली बसून स्वतः सांगा, आणि उपासनेत हार घालून घ्या. तिच्याच हातून.

ते जागे आहेत. मी फोन लावते.